बैलगाडी आठ, ट्रक तीन

मंडळी, आज एका कोड्यानं सुरुवात करतो. एका बाजूला बैलगाडी, दुसऱ्या बाजूला कोळशानं भरलेला ट्रक. या दोघांपैकी रस्त्याला जास्त जड कोण?

उत्तर आहे बैलगाडी. आणि थोडीथोडकी नाही, अडीच पटीपेक्षाही जास्त. हे मी म्हणत नाहीये, इंडियन रोड्स काँग्रेस म्हणते. ग्रामीण रस्त्यांच्या क्षमतेबद्दल त्यांनी १९९० साली एक मार्गदर्शिका काढली, आयआरसी ६४ या नावाची. त्यात एक छोटासा तक्ता आहे. कार १, ट्रक किंवा बस ३, मोटरसायकल अर्धा, सायकल अर्धा, सायकलरिक्षा २, हातगाडी ३, घोडागाडी ४, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि बैलगाडी ८. (बैलगाडी छोटी असेल तर ६. म्हणजे थोडी सवलत आहे :-) )

या आकड्यांच्या एककाला पीसीयू म्हणतात, पॅसेंजर कार युनिट. एखाद्या गाडीमुळे रस्त्याची जी जागा अडते, ती किती कारइतकी, असा त्याचा अर्थ. बैलगाडी हळू चालते, मागे दहा गाड्या खोळंबतात, म्हणून ८. ट्रक मोठा असला तरी पळतो, म्हणून ३. तेव्हा तक्ता चुकीचा अजिबात नाही. त्याला जो प्रश्न विचारलाय त्याचं तो बरोबर उत्तर देतो. प्रश्न असा आहे की या गाडीमुळे बाकीच्या गाड्यांची किती अडचण होते?

गंमत पुढे आहे. नवीन खाण येते, नवीन कारखाना येतो, नवीन टाउनशिप येते, तेव्हा तिच्यामुळे वाढणाऱ्या वाहतुकीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल करावा लागतो. आणि त्या अहवालातलं वाहतुकीचं प्रकरण उघडलं की बहुतेक वेळा हाच तक्ता भेटतो. धूळ, धूर, आवाज, रस्ता ओलांडणारी पोरं, रस्ता ओलांडणारा वाघ... या सगळ्याबद्दल तक्त्याला काहीच म्हणायचं नसतं. ट्रक रिकामा असो की भरलेला, ताडपत्री टाकलेला असो की उघडा, तो ३च.

आता आम्ही चंद्रपूरची माणसं. ट्रक म्हणजे काय हे आम्हाला शिकवायला नको. म्हणून या वीकेंडला म्हटलं, ही मोजपट्टी आली कुठून, ती पर्यावरणाच्या खात्यात कशी शिरली, आणि आमच्या जिल्ह्यात तिनं काय केलं ते एकदा नीट लिहून काढू.

*

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. तिथे १९५० मध्ये हायवे कपॅसिटी मॅन्युअल नावाचं पुस्तक निघालं. रस्त्यावरून तासाला किती गाड्या जाऊ शकतात, याचं शास्त्र त्यात होतं. १९६५च्या दुसऱ्या आवृत्तीत एक नवी कल्पना आली, लेव्हल ऑफ सर्व्हिस. एलओएस म्हणू सोयीसाठी. ए पासून एफ पर्यंत सहा पायऱ्या, शाळेच्या प्रगतिपुस्तकासारख्या. ए म्हणजे मोकळा रस्ता, हवी तशी गाडी हाणा. एफ म्हणजे ठप्प.

कल्पना भारी होती. गुंतागुंतीचं गणित एका अक्षरात बसलं. नगरसेवकाला कळतं, पत्रकाराला कळतं, न्यायाधीशाला कळतं. आपल्याकडे डॅशबोर्डवर लाल-पिवळा-हिरवा ठिपका दिसला की मॅनेजर कसा खूश होतो, तसंच. फक्त एक लक्षात ठेवायचं. हे प्रगतिपुस्तक रस्त्याचं आहे आणि गुण देणारा गाडीत बसलेला आहे. फुटपाथवर उभ्या असलेल्या माणसाला यात मत नाही.

त्याच्या दोनच वर्षं आधी, म्हणजे १९६३ मध्ये, इंग्लंडात दुसरी एक मोजपट्टी जन्माला आली होती. कॉलिन ब्युकॅनन नावाच्या इंजिनिअर-नगररचनाकारानं तिथल्या वाहतूक मंत्रालयासाठी ट्रॅफिक इन टाउन्स हा अहवाल लिहिला. त्यात त्यानं एक शब्द वापरला, रस्त्याची पर्यावरणीय क्षमता. त्याचं म्हणणं साधं होतं. एखाद्या रस्त्यावरून तासाला हजार गाड्या जाऊ शकत असतीलही, पण तिथे घरं आहेत, दुकानं आहेत, शाळा आहे. तिथल्या माणसांना सुखानं राहायचं असेल तर किती गाड्या चालतील? हा आकडा पहिल्यापेक्षा बराच लहान येऊ शकतो. त्यासाठी काय मोजायचं? तर आवाज, धूर, आणि पायी रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला किती वेळ थांबून राहावं लागतं ते.

ब्युकॅनन काही साधुसंत नव्हता. गाड्या सामावून घ्यायच्या तर शहरांमध्ये मोठमोठे रस्ते बांधावे लागतील, हेही त्याच अहवालात होतं, आणि लोकांनी सोयीस्करपणे तेवढंच उचललं. पण प्रश्न त्यानं उलटा केला हे खरं. गाडीला रस्ता पुरतो का, हे विचारण्याऐवजी रस्त्याकाठच्या माणसाला गाडी झेपते का, हे त्यानं विचारलं.

या उलट्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात देता येतं हे दाखवलं डोनाल्ड ॲपलयार्डनं. १९६९ मध्ये त्यानं सॅन फ्रान्सिस्कोतले तीन रस्ते निवडले. घरं साधारण सारखी, फरक फक्त वाहतुकीचा. एकावर दिवसाला साधारण २,०००, दुसऱ्यावर ८,००० आणि तिसऱ्यावर १६,००० गाड्या. मग घरोघरी जाऊन विचारलं की या रस्त्यावर तुमचे मित्र किती? कमी वाहतुकीच्या रस्त्यावर माणशी सरासरी ३ निघाले, जास्त वाहतुकीच्या रस्त्यावर ०.९. म्हणजे गाड्या वाढल्या तशी शेजाऱ्यांमधली ये-जा तुटली. समोरच्या घरातून वाटीभर साखर आणायला जाणं बंद झालं म्हणा ना. (ॲपलयार्ड १९८२ मध्ये अथेन्समध्ये एका भरधाव गाडीखाली सापडून गेला. अशा योगायोगावर काय बोलणार?)

तर साठच्या दशकाच्या शेवटी दोन्ही मोजपट्ट्या टेबलावर होत्या. जिंकली कुठली, हे सांगायला नकोच.

*

का जिंकली ते मात्र सांगण्यासारखं आहे.

१ जानेवारी १९७० रोजी अमेरिकेत राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा झाला. मोठा प्रकल्प करण्याआधी त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते लिहून काढा, ही कल्पना जगभर गेली ती इथून. त्याच वर्षी कॅलिफोर्नियानं स्वतःचा तसाच कायदा केला, आणि १९७२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारनं परवानगी दिलेल्या खाजगी प्रकल्पांनाही तो लागू आहे. झालं! एका झटक्यात हजारो बिल्डरांना अहवाल द्यायची वेळ आली.

अहवालात वाहतुकीचा परिणाम लिहायचा, पण मोजायचा कशानं? कायद्यानं सांगितलेलं नव्हतं. शहराच्या वाहतूक इंजिनिअरच्या टेबलावर मात्र एलओएस तयार होती. सूत्रं तयार, तक्ते तयार, सल्लागार तयार. डेडलाइन डोक्यावर असताना आपण जे करतो तेच त्यांनी केलं. आधीच्या प्रोजेक्टमधलं मॉड्यूल उचललं आणि जोडून टाकलं. रस्त्याची रुंदी ठरवायला केलेलं साधन पर्यावरण मोजायला लागलं.

याचे परिणाम बघा. समजा शहराच्या मध्यात, स्टेशनाजवळ एक इमारत बांधायची आहे. तिथले चौक आधीच डी किंवा ई वर आहेत. पन्नास गाड्या वाढल्या तरी अक्षर बदलतं, म्हणजे 'पर्यावरणावर लक्षणीय परिणाम'. तीच इमारत शहराबाहेर माळरानावर बांधा. रस्ता मोकळा, अक्षर ए. परिणाम शून्य! मग त्या इमारतीतला प्रत्येक माणूस रोज चाळीस किलोमीटर गाडी चालवेना का. आणि परिणाम 'कमी' करायचा उपाय काय? रस्ता रुंद करा. म्हणजे झाडं तोडून, फुटपाथ कापून पर्यावरणाचं रक्षण.

यातला सगळ्यात भारी किस्सा सॅन फ्रान्सिस्कोचा. तिथल्या महापालिकेनं सायकलींसाठी आराखडा केला. एका नागरिकानं कोर्टात सांगितलं की सायकलमार्गामुळे गाड्यांची जागा कमी होईल, गाड्या खोळंबतील, तेव्हा पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास न करता हे करता येणार नाही. २००६ मध्ये कोर्टानं मनाई दिली. ती २०१० मध्ये पूर्णपणे उठली. तीन वर्षांहून जास्त काळ शहरात नवा सायकलमार्ग आखता आला नाही, पर्यावरणाच्या कायद्यामुळे!

*

आता आपल्याकडे येऊ.

भारतात पर्यावरण आघात मूल्यांकन सक्तीचं झालं २७ जानेवारी १९९४च्या अधिसूचनेनं. तेव्हा यादीत खाणी, वीजकेंद्रं, मोठे कारखाने होते. शहरातल्या इमारती नव्हत्या. त्या आल्या जुलै २००४ मध्ये. मग १४ सप्टेंबर २००६ रोजी नवी अधिसूचना आली. बरेच बदल होऊन तीच आजही चालू आहे. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. दीड लाख चौरस मीटरच्या वर गेलात की टाउनशिप, तिचे नियम आणखी कडक.

२००६च्या अधिसूचनेसोबत बांधकाम प्रकल्पांसाठी एक अर्ज आला, फॉर्म १ए. त्यात जमीन, पाणी, झाडं, प्राणी, हवा असे दहा विभाग. यातल्या 'हवा' या विभागात वाहतुकीचे प्रश्न होते. त्यातला एक असा की, प्रकल्पामुळे वाहनांच्या पार्किंगची टंचाई होईल का? मी दोनदा वाचलं. हवेच्या विभागात पार्किंगची टंचाई! वाहतुकीमुळे आवाज आणि कंपनं वाढतील का, सायकल आणि पायी चालणाऱ्यांची काय सोय, असेही प्रश्न त्यात होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण पार्किंगचं उत्तर आकड्यात देता येतं आणि बाकीच्यांना 'नगण्य' लिहून पुढे जाता येतं. आकडा असलेला प्रश्न नेहमीच जास्त खरा वाटतो.

साधारण अहवालातली पद्धत अशी असते. प्रकल्पाजवळच्या रस्त्यावर माणसं बसवून चोवीस तास गाड्या मोजायच्या. तक्त्यातून पीसीयू करायचे. प्रकल्पाच्या गाड्या त्यात मिळवायच्या. रस्त्याच्या क्षमतेनं भागायचं. उत्तर एकपेक्षा बरंच खाली आलं की वाक्य तयार: अस्तित्वातील रस्ता वाढीव वाहतुकीसाठी पुरेसा आहे. हवेच्या भागासाठी कॅलाइन-४ सारखं सॉफ्टवेअर वापरतात. (तेही कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्यात जन्मलेलं, १९८४चं.) ते धुराड्यातल्या वायूंचं प्रमाण रस्त्यापासून किती अंतरावर किती, हे सांगतं. काम चांगलं करतं. पण त्यात तुम्ही जेवढं घालाल तेवढंच बाहेर येणार.

मधल्या काळात भारतातल्या गाड्या, भारतातले ड्रायव्हर धरून केलेलं मॅन्युअलही आलं. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये इंडो-एचसीएम काढलं, आणि ते खरोखर मोठं काम आहे. पण ती त्याच पट्टीची जास्त अचूक आवृत्ती आहे. प्रश्न तोच राहिला, गाड्या किती खोळंबतात?

*

आता चंद्रपूर.

आमच्या जिल्ह्यात कोळसा निघायला लागला इंग्रजांच्या काळात. वरोऱ्याला सरकारी खाण होती, आणि तो कोळसा न्यायला वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वेचा फाटा टाकला होता. खाण १९०६ मध्ये बंद झाली, रेल्वे राहिली. पुढे तोच मार्ग बल्लारशाहमार्गे दिल्ली-चेन्नई लाइनचा भाग झाला. हे सांगायचं कारण असं की त्या काळी 'माल कसा नेणार' हा प्रश्न खाणीसोबतच विचारला जायचा. बैलगाड्यांनी कोळसा परवडतच नव्हता. (बैलगाडी ८ पीसीयूची, विसरू नका.)

ट्रक आले आणि हा प्रश्न मागे पडला. रस्ता असतोच, सरकार बांधतंच, खड्डे पडले तर कुणीतरी बुजवतंच. वेकोलिच्या खाणी, गडचांदुरकडचे सिमेंट कारखाने, बल्लारपूरचा कागद कारखाना, आणि मध्यभागी २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक वीजकेंद्र. प्रत्येकाची स्वतःची मंजुरी, स्वतःचा अहवाल, स्वतःची गाड्यांची मोजणी. पडोलीच्या चौकात उभं राहिलात की हे सगळे अहवाल एकामागून एक समोरून जाताना दिसतात.

आपल्या धंद्यातली तुलना करतो. प्रत्येक डेव्हलपर कोड टाकताना म्हणतो, माझ्यामुळे पेज फक्त वीस मिलिसेकंदांनी हळू झालं, त्यात काय! शंभर जणांनी टाकलं की पेज दोन सेकंदांनी हळू. कुणाचाही बग नाही, प्रत्येकाची टेस्ट पास. कोणीतरी एकूण बेरीज बघायला हवी, आणि ती बघणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नसतं.

चंद्रपूरची बेरीज पहिल्यांदा देशासमोर आली २००९ मध्ये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं आयआयटी दिल्लीच्या मदतीनं देशातले ८८ औद्योगिक भाग तपासले आणि प्रत्येकाला १०० पैकी गुण दिले. या निर्देशांकाचं नाव सेपी. जितके गुण जास्त तितकं गाव आजारी. ७०च्या वर गेलेल्या ४३ भागांना 'अतिप्रदूषित' म्हटलं गेलं. चंद्रपूरला मिळाले ८३.८८. देशात चौथा नंबर, महाराष्ट्रात पहिला. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद तेवढे आमच्या पुढे. जानेवारी २०१० मध्ये मंत्रालयानं या ४३ भागांतल्या नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्यांवर तात्पुरती बंदी घातली. पुढे कृती आराखडे आल्यावर ती टप्प्याटप्प्यानं उठत गेली.

सेपीवर टीका करणारे पुष्कळ आहेत, आणि एका आकड्यात अख्खं गाव बसवणं धोक्याचंच. पण एक गोष्ट तिनं वेगळी केली. प्रकल्पाच्या कुंपणाशी न थांबता गावाच्या हवेत, पाण्यात, जमिनीत काय आहे ते बघितलं. प्रदूषण कुठून निघतं, कुठल्या वाटेनं जातं आणि कुणापर्यंत पोचतं, अशी तिची मांडणी होती. शेवटचा भाग महत्त्वाचा. मोजणाऱ्याच्या डोळ्यासमोर पहिल्यांदाच गाडीत न बसलेला माणूस आला. पुढे २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यातही हवेची मानकं न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत चंद्रपूर होतंच.

हवेत धूळ मोजणारं यंत्र मात्र धुळीला 'तू कुणाची?' असं विचारू शकत नाही. चिमणीची, खाणीची की रस्त्याची? रस्त्याच्या धुळीचा हिशेब करायला जगभर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं एक सूत्र वापरतात. त्यात दोनच मुख्य गोष्टी आहेत, रस्त्यावर पसरलेल्या बारीक मातीचं प्रमाण आणि वाहनांचं सरासरी वजन. दोन्हींपैकी काहीही दुप्पट झालं की धूळ जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे या पट्टीवर जड ट्रक खरोखरच जड आहे, आणि रस्ता धुणं, झाडणं, ताडपत्री बांधणं यालाही गुण आहेत. पीसीयूच्या पट्टीवर यातल्या एकाही गोष्टीनं ३चे अडीच होत नाहीत.

शहराच्या आतही तेच. चंद्रपूर हे गोंड राजांचं परकोटाचं गाव. जटपुरा गेट, पठाणपुरा गेट, बिनबा गेट, अंचलेश्वर गेट... जटपुरा गेटजवळची कोंडी ज्यानं पाहिली नाही तो चंद्रपूरला गेलाच नाही. एलओएसच्या पट्टीनं बघितलं तर शेकडो वर्षांची ती दगडी कमान म्हणजे एक अडथळा, बॉटलनेक. ब्युकॅननच्या पट्टीनं बघितलं तर कमान जिथे आहे तिथे बरोबर आहे, तिच्यातून किती गाड्या जाऊ द्यायच्या हे आपण ठरवायचं. आणि कोटाबाहेर जी नवी वस्ती वाढते, तिच्यातल्या बहुतेक इमारती २०,००० चौरस मीटरच्या खूप खाली असतात. साधारण दीडशे फ्लॅटपर्यंत तुम्हाला पर्यावरणाचं कुणी काही विचारत नाही. बांधकाम नियमांत किती पार्किंग द्यायचं ते असतं, तेवढाच वाहतुकीशी संबंध. अशा वीस इमारती एकाच रस्त्यावर झाल्या तर त्यांची बेरीज कुठल्याच फाइलमध्ये सापडणार नाही.

*

शेजारच्या गडचिरोलीत (१९८२ पर्यंत तो आमचाच भाग होता) हे गणित आणखी उघडं दिसतं.

एटापल्ली तालुक्यात सुरजागडला लोहखनिजाची खाण आहे. २०२३ मध्ये पर्यावरण मंजुरीनं तिची क्षमता वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली. आता माझा कागदावरचा हिशेब. समजा हे १ कोटी टन सगळं ट्रकनं न्यायचं, ट्रकमध्ये २५ टन, वर्षाचे ३०० दिवस काम. वर्षाला ४ लाख फेऱ्या, दिवसाला १,३३३. रिकामे परत येणारे धरून २,६६६ ट्रक. चोवीस तास चालले तरी साधारण दर ३२ सेकंदांना एक. फक्त दिवसाचे बारा तास चालले तर दर १६ सेकंदांना एक.

आता हेच आपल्या पट्टीवर ठेवू. २,६६६ गुणिले ३, म्हणजे सुमारे ८,००० पीसीयू. मैदानी भागातल्या दोन पदरी रस्त्याला आयआरसी ६४ देते दिवसाला १५,००० पीसीयू. गावची बाकी वाहतूक ४,००० पीसीयू धरली तरी बेरीज १२,०००. रस्ता पुरेसा! इतकंच नाही, हा १५,०००चा आकडा एलओएस बी साठीचा आहे. म्हणजे एटापल्ली-आलापल्ली-आष्टीच्या जंगलातल्या रस्त्यावर दर अर्ध्या मिनिटाला एक खनिजाचा ट्रक, रात्रंदिवस, आणि प्रगतिपुस्तकात 'बी'. गणितात कुठेही चूक नाही. शाळेतून घरी येणारी पोरगी त्या गणितात कुठे आहे ते शोधून दाखवा.

प्रत्यक्षात काय झालं? जड ट्रक, उखडलेले रस्ते, धूळ आणि अपघात यावरून लोकांची ओरड वर्षानुवर्षं चालली. आणि अखेर जुलै २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटरची स्लरी पाइपलाइन सुरू झाली. खनिज दळायचं, पाण्यात कालवायचं आणि नळातून पाठवायचं. पाइपलाइनलाही पाणी लागतं, तिच्यासाठीही जमीन लागते, आणि खाणीबद्दलचे बाकी प्रश्न तिनं सुटत नाहीत. पण वाहतुकीच्या बाबतीत बघा. पीसीयूच्या पट्टीवर पाइपलाइन कधीच सुचली नसती, कारण तिथे रस्ता पुरतच होता. फार तर तो चौपदरी करा असं निघालं असतं. माल रस्त्यावर आणायचाच कशाला, हे सुचायला दुसरा प्रश्न विचारावा लागतो. वरोऱ्याच्या खाणीच्या वेळी तो विचारला गेला होता, मग मधली शंभर-सव्वाशे वर्षं आपण तो विसरलो.

*

कॅलिफोर्नियालाही शेवटी उपरती झाली. २०१३ मध्ये तिथे एसबी ७४३ हा कायदा झाला. गाड्या खोळंबणं हा यापुढे पर्यावरणावरचा परिणाम मानायचा नाही, असं त्यानं सांगितलं. त्याऐवजी प्रकल्पामुळे एकूण किती किलोमीटर गाड्या पळतील ते मोजा. १ जुलै २०२० पासून हे सगळ्या राज्यात लागू झालं. एका रात्रीत स्टेशनाजवळची इमारत चांगली ठरली आणि माळरानावरची वाईट. इमारती त्याच, फक्त पट्टी बदलली.

आपल्याला ही पट्टी जशीच्या तशी चालणार नाही. आमच्याकडे प्रश्न कारचा कमी आणि ट्रकचा जास्त आहे. पण 'वस्तीतून रोज किती ट्रक-किलोमीटर जाणार' हा आकडा काढायला काय अवघड आहे? गाड्यांची मोजणी आहे, नकाशा आहे. एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचं काम.

आणि जंगलासाठी आणखी वेगळी पट्टी लागते. नागपूर-सिवनी महामार्ग पेंचच्या जंगलातून चौपदरी करताना महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग आणि पूल बांधले. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेनं त्यांच्याखाली कॅमेरे लावले, आणि खालून वाघ जाताना टिपले गेले. तिथे यश मोजलं ते वाघ पलीकडे गेला का, यावरून. गाडी किती वेगानं गेली हा तिथला प्रश्न नव्हता. रेल्वे म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये आमच्या चिचपल्लीजवळ वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली गेले. एकच पट्टी सगळीकडे लावू नये, इतकंच यातून घ्यायचं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही पुण्या-बंगळुरात बसून काय करणार? दोन गोष्टी सांगतो.

पहिली. २००६च्या अधिसूचनेत इमारती आणि टाउनशिपना जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे तुमच्या बाल्कनीसमोर चाळीस मजली टॉवर आला तरी त्याच्या वाहतुकीबद्दल तुम्हाला कुणी बोलावून विचारणार नाही. खाणीशेजारच्या खेडेगावातल्या माणसाला मात्र बहुतेक वेळा तो हक्क आहे. किमान ३० दिवस आधी जाहीर सूचना, आणि अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत. आमच्याकडे मराठीत. या बाबतीत एटापल्लीचा शेतकरी हिंजवडीच्या आयटीवाल्यापेक्षा जास्त नागरिक आहे.

दुसरी. हक्क आहे, पण सुनावणीत 'ट्रकमुळे त्रास होतो' एवढंच म्हटलं की अहवालातलं 'रस्ता पुरेसा आहे' हे वाक्य जिंकतं, कारण त्याच्या मागे आकडा असतो. आकड्याला आकड्यानंच उत्तर द्यावं लागतं. गावातून दिवसाला किती ट्रक? दोन ट्रकमध्ये किती सेकंद? म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला किती सेकंद लागतात? शेजारच्या बाकी प्रकल्पांचे ट्रक यात धरलेत का? रेल्वे, कन्व्हेयर, पाइपलाइन यांचा हिशेब केलाय का? हे पाच प्रश्न लिहून, त्यांची उत्तरं अहवालाच्याच आकड्यांतून काढून सुनावणीत देता येतात. गुणाकार-भागाकारापलीकडे यात काही नाही. आपल्यापैकी ज्यांची गावं खाणीच्या, कारखान्याच्या, महामार्गाच्या वाटेवर आहेत त्यांना हे करायला एक शनिवार पुरे.

अधिसूचना बदलतील तेव्हा बदलतील. तोवर पुढचा अहवाल हातात आला की आधी वाहतुकीचं प्रकरण उघडा आणि तो तक्ता शोधा. बैलगाडी ८, ट्रक ३. मग त्याच्याशेजारी पेन्सिलनं आपला एक रकाना आखा.